कबुली कोणापाशीं द्यावी?

आपण नाशिककर एक दृश्य रोज पाहतों, आणि रोजचें म्हणूनच त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. पहांटे रामकुंडावर कोणी एक गृहस्थ येतो, वस्त्रें काठावर ठेवितो, गोदावरींत बुडी मारतो, सूर्याला ओंजळभर पाणी देतो आणि ओलेत्यानें परत फिरतो. कोणतें पाप धुवावयास तो आला होता हें त्याला कोणी विचारीत नाहीं. काठावरचे तीर्थोपाध्याय त्याचें नांव, गांव, कुळ विचारतील. आपल्या जुन्या वहींतून त्याच्या आज्या-पणज्याची नोंद काढून दाखवितील. परंतु 'तुम्हीं काय केलेंत?' असा रकाना त्या वहींत नाहीं. बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो, लक्षावधि माणसें या घाटावर उतरतात. आणि तेवढ्या गर्दींतहि ज्याचें गुपित त्याच्यापाशींच राहतें.

याच्या अगदीं उलट असें दृश्य आपण २००९ सालीं आपापल्या घरांत बसून पाहिलें. त्या वर्षीच्या १५ जुलैला स्टार प्लस या वाहिनीवर 'सच का सामना' नांवाचा खेळ सुरू झाला. राजीव खंडेलवाल हे प्रश्न विचारीत. मूळ कल्पना परदेशची. अमेरिकेंत तोच खेळ आदल्या वर्षीं 'द मोमेंट ऑफ ट्रुथ' या नांवानें लागत होता. खेळाची रीत सोपी होती. स्पर्धकाला अगोदर, पडद्याआड, असत्यशोधक यंत्रासमोर बसवून अनेक प्रश्न विचारीत. त्यांतले एकवीस निवडून तेच पुन्हां प्रकाशझोतांत, प्रेक्षकांच्या देखत विचारीत. आणि समोरच्या आसनांवर त्याची पत्नी किंवा तिचा पति, आईबाप, मित्र असे जिवलग बसविलेले असत. उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच द्यावयाचें. मग यंत्राचा निर्णय जाहीर होई. एकवीसहि उत्तरें खरीं ठरलीं तर एक कोटि रुपये. मध्येंच एक खोटें ठरलें कीं सर्व गेलें. प्रश्न अंगणांतून सुरू होत आणि एकेक उंबरठा ओलांडीत शेजघराच्या दाराशीं येऊन उभे राहत.

या खेळाची निंदा करणें फार सोपें आहे, आणि त्या वेळीं ती पुष्कळ झालीहि. राज्यसभेंत त्याविरुद्ध आवाज उठला, सरकारनें वाहिनीला नोटीस पाठविली, दिल्लीच्या उच्च न्यायालयांत अर्ज गेले. न्यायालयानें हस्तक्षेप करण्याचें नाकारलें. वाईट पाहूं नये ही गांधीजींची शिकवण पाळा आणि संच बंद करा, अशा आशयाचा सल्ला अर्जदारांना मिळाला. मला तो सल्ला रास्त वाटतो. पण तो कायद्याचा सल्ला झाला. नीतीचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. संच बंद करणें इतकें सोपें होतें, तर मग आपण तो बंद कां केला नाहीं? रात्रीं मुलें निजल्यावर आवाज बारीक करून आपण तो खेळ कां पाहत बसलों? निंदा करण्यापूर्वीं या मोहाची उलगड करणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल.

पहिलें कारण असें कीं, आपल्याला सत्याची भूक असते. आपला दिवस अर्धवट बोलण्यांत जातो. कचेरींत साहेबाला 'उत्तम कल्पना आहे' म्हणावें लागतें. लग्नकार्यांत व्याह्याला 'कांहीं कमी पडलें नाहीं' म्हणावें लागतें. 'लोक काय म्हणतील' हा तर आपल्याकडचा सर्वांत मोठा न्यायाधीश. अशा जगांत एकादा मनुष्य चारचौघांत उभा राहून 'होय, मीं हें केलें' असें म्हणतो, तेव्हां आपल्यालाहि क्षणभर मोकळी हवा लागल्यासारखें वाटतें. या भुकेंत कांहीं वाईट नाहीं.

दुसरें कारण इतकें सोज्ज्वळ नाहीं. दुसऱ्याचें पाप उघडें झालें कीं आपलें लहान दिसूं लागतें. आपण खुर्चींतून न उठतां सज्जन होतों. आणि तिसरें कारण सर्वांत जुनें: चव्हाटा. एकाला मध्यें उभा करून बाकीच्यांनीं भोंवतीं बसावें आणि त्यानें काय काय केलें तें त्याच्या तोंडून वदवून घ्यावें, ही करमणूक आपल्याला टेलिव्हिजननें शिकविलेली नाहीं. जातपंचायतींत हेंच होत आलें. आरोपीला सर्वांदेखत कबूल करावयास लावावयाचें, दंड घ्यावयाचा, नाहीं तर वाळींत टाकावयाचें. या मनमानीविरुद्धच्या चळवळीनें २०१३ सालीं आपल्या नाशकांतूनच जोर धरला, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. पंचायत दंड घेते आणि खेळ बक्षीस देतो, एवढा फरक खरा. खेळांत मनुष्य आपखुशीनें येतो, हा त्याहून मोठा फरक. तोहि मी मान्य करतों. परंतु भोंवतीं बसलेल्यांचें सुख दोन्हींकडे एकाच जातीचें असतें.

आतां कोणी विचारील, सत्य सांगणें हा जर धर्म आहे, तर तें चार जणांत सांगितलें काय आणि चार कोटींत सांगितलें काय, बिघडलें कोठें? येथेंच आपल्या परंपरेला विचारून पाहूं. कबुलीचें माहात्म्य आपल्या शास्त्रकारांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. पापापासून मुक्त होण्याचे जे उपाय मनुस्मृतीनें सांगितले, त्यांत पश्चात्ताप, तप आणि अध्ययन यांच्या जोडीला 'ख्यापन', म्हणजे आपलें पाप बोलून दाखविणें, हाहि एक उपाय आहे. पण त्याच ग्रंथांत जें पाप जगाला ठाऊक नाहीं त्याचें प्रायश्चित्त निराळें सांगितलें आहे. त्याला 'रहस्य-प्रायश्चित्त' म्हणतात, आणि तें गुप्तपणेंच करावयाचें असतें. भारतरत्न महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या आपल्या बृहत् इतिहासांत या भेदाचें विवेचन केलें आहे. जें उघड झालें आहे त्याची शुद्धि उघडपणें व्हावी. जें झांकलेलें आहे तें केवळ शुद्धीच्या निमित्तानें उघडें करूं नये. प्राचीनांच्या पुष्कळ गोष्टी आज आपण टाकून दिल्या, आणि योग्यच केलें. पण हा विवेक टाकण्यासारखा नाहीं.

आणखी जवळचें उदाहरण हवें असेल तर मुंबईच्या रस्त्यावरील त्रिरश्मि डोंगराकडे पाहा. ज्यांना आपण पांडवलेणीं म्हणतों तीं चोवीस लेणीं बौद्ध भिक्षूंचीं आहेत. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवीदाखल ठेविले, आणि त्यांच्या व्याजांतून या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावे अशी व्यवस्था केली. असे हे भिक्षु दर पंधरवड्याला, अमावास्येला आणि पौर्णिमेला, एकत्र बसून संघाच्या नियमांचें पठण करीत. ज्याच्या हातून नियम मोडला असेल त्यानें तत्पूर्वीं दुसऱ्या भिक्षूपाशीं तो दोष सांगावयाचा. ऐकणाऱ्यानें विचारावयाचें कीं, दोष दिसतो ना? त्यानें म्हणावयाचें, दिसतो. मग पुढें स्वतःला आवर घाल, एवढेंच सांगून ऐकणारा थांबे. त्याहून विशेष हें कीं, एका भिक्षूचा गंभीर दोष संघाच्या संमतीवांचून बाहेरच्या मनुष्याला सांगणें हाहि विनयाप्रमाणें दोषच ठरविला होता. ज्यांनीं कबुलीला साधनेचें अंग मानिलें, त्यांनींच तिच्याभोंवतीं भिंत बांधली. उषवदाताचे बारा कार्षापण भिक्षूच्या वस्त्रासाठीं होते. ज्याचा दोष जितका मोठा त्याला तितके अधिक, अशी वाटणी त्या दात्याला सुचली नाहीं.

गांधीजींच्या आत्मकथेंत त्यांच्या मुलपणींची एक हकीकत आहे. ती पुष्कळांना ठाऊक असेल. भावाचें कर्ज फेडण्यासाठीं त्यांनीं भावाच्याच कड्यांतील सोन्याचा तुकडा चोरला. मग मन खाऊं लागलें. तोंडानें सांगण्याचा धीर होईना, म्हणून चिठ्ठी लिहून त्यांनीं ती आजारी वडिलांच्या हातांत दिली. वडिलांनीं वाचली, डोळ्यांतून पाणी गळलें, आणि त्यांनीं ती चिठ्ठी फाडून टाकिली. श्रोतेहो, या प्रसंगांतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट मला ही फाडलेली चिठ्ठी वाटते. तिनें आपलें काम केलें होतें. आतां ती ठेवून काय करावयाचें? गांधीजींनीं याच प्रसंगीं मर्म सांगितलें आहे: कबुली ऐकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याच्यापुढें ती दिली, आणि पुन्हां तसें न करण्याची प्रतिज्ञा तिच्यासवें असली, म्हणजे तें खरें प्रायश्चित्त होय. 'ऐकण्याचा अधिकार' ही कसोटी आपण हातीं घेऊं आणि खेळाकडे परत जाऊं.

अधिकार कोणाला? ज्याचा अपराध केला त्याला; ज्याला क्षमा करतां येईल त्याला; आणि जो ऐकून आपल्यासाठीं कांहीं भार उचलील अशा गुरूला किंवा मित्राला. टेलिव्हिजनसमोर बसलेल्या माझा त्या स्पर्धकानें कोणता अपराध केला होता? मी त्याला क्षमा करूं शकत नाहीं, शिक्षाहि करूं शकत नाहीं. जाहिरात लागली कीं मी पाणी प्यावयास उठतों. खरा अधिकारी म्हणजे ती समोर बसलेली पत्नी. पण तिला जें एकांतांत कळावयास हवें होतें, जें ऐकून तिनें रडावें, रागवावें, दोन दिवस अबोला धरावा आणि मग आपल्या मनानें काय तें ठरवावें, तें तिला लक्षावधि लोकांच्या नजरेखालीं, चेहरा सांवरीत ऐकावें लागलें. अधिकार तिचा, आणि क्षण मात्र वाहिनीचा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गुपित हें बहुधा एकट्याचें नसतें. माझ्या अपराधांत दुसरें कोणी तरी असतें. माझ्या लज्जेंत माझ्या घराचा वांटा असतो. सामाईक जमिनींतला आपला हिस्सा विकावयाचा तरी मनुष्य भाऊबंदांशीं बोलतो. मग सामाईक गुपित एकट्याच्या सहीनें कसें विकतां येईल? स्पर्धकानें संमति दिली हें खरें. पण ज्यांचीं नांवें त्याच्या उत्तरांत येतात त्यांची संमति कोणी घेतली?

आपल्या महाराष्ट्राला चटका लावणारें उदाहरण याच खेळांत घडलें. विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर हे आचरेकर सरांचे शिष्य. १९८८ सालीं शाळेच्या हॅरिस ढालीच्या सामन्यांत दोघांनीं ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. पुढें एकाचा मार्ग शिखराकडे गेला, दुसऱ्याचा वाटेंत हरवला. २००९ सालीं या खेळांत कांबळींना, सचिन यांनीं अधिक मदत करावयास हवी होती काय, अशा अर्थाचा प्रश्न आला आणि त्यांचें उत्तर होकाराचें होतें. दुसऱ्या दिवशीं सर्व वृत्तपत्रांत तेंच. मी कांबळींना दोष देत नाहीं. मित्रानें हात पुढें करावयास हवा होता असें कोणाच्या मनांत येत नाहीं? पण असें दुःख मित्रापाशीं बोलावयाचें तर त्याला मागें-पुढें असतें: 'तूं केलेंस तें मी विसरलों नाहीं, पण त्या वेळीं तूं यावयास हवें होतेंस.' खेळाला हें सारें वाक्य नको असतें; त्याला एक शब्द हवा असतो. बावीस यार्डांवर ज्यांनीं धांवा वांटून घेतल्या, त्यांच्या मैत्रीचा हिशेब एका 'होय'मध्यें झाला. आणि ज्याच्याविषयीं तो शब्द होता तो मंचावर नव्हताच. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणप्रसंगीं दोघांना एकमेकांचा हात हातांत घेतांना लोकांनीं पाहिलें. त्या हातांत जें होतें तें कोणत्याहि होय-नाहींत मावणारें नव्हतें.

तिसरी गोष्ट त्या यंत्राची. लोकांना वाटतें, यंत्र सत्य ओळखतें. यंत्र ओळखतें तें एवढेंच कीं श्वास कसा चालला आहे, नाडी आणि रक्तदाब किती, हाताला घाम किती आला. भय, लाज आणि खोटेपणा यांचा घाम निरनिराळा नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००३ सालीं या यंत्राची परीक्षा करून त्याच्या भरंवशाविषयीं गंभीर शंका व्यक्त केल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१० रोजीं सेल्वी खटल्यांत असा निर्णय दिला कीं, कोणाचीहि अशी चांचणी त्याच्या इच्छेविरुद्ध घेतां येणार नाहीं, आणि संमतीनें घेतली तरी तिचा निष्कर्ष एवढ्यानेंच पुरावा ठरणार नाहीं. खुनाच्या खटल्यांत जें पुरत नाहीं, तें संसाराच्या खटल्यांत मात्र अखेरचा शब्द ठरविलें गेलें. सुरवातीच्याच एका भागांत एका विवाहित स्त्रीला, पतीला कळणार नसेल तर परपुरुषाशीं संबंध ठेवाल काय, असें विचारलें. पति समोर बसलेला. ती 'नाहीं' म्हणाली. यंत्रानें उत्तर खोटें ठरविलें. घडलेल्या गोष्टीचा हा प्रश्न नव्हता. न घडलेल्या गोष्टीचा होता. जें मनुष्य स्वतःहि निश्चयानें सांगूं शकत नाहीं, तें घामावरून ठरविलें गेलें, आणि तो ठपका घेऊन ती बाई घरीं गेली. यांत सत्य किती जिंकलें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आणि चौथी गोष्ट किंमतीची. जेथें रक्कम वाढवावयाची तेथें जखमहि खोल करावी लागते. कोलंबिया देशांत, जेथें हा खेळ २००७ सालीं प्रथम लागला, तेथें एका स्त्रीनें पतीला ठार मारण्यासाठीं मारेकरी ठरविल्याचें मंचावर कबूल केलें, आणि त्याच वर्षीं तेथील खेळ बंद करावा लागला. हा अपघात नव्हे. त्या जिन्याची ती वरची पायरीच होती.

याचा अर्थ, घरांतलें कांहींच बाहेर बोलूं नये, सारें गोधडीखालीं झांकून ठेवावें, असा कोणी करूं नये. झांकण्यानें पुष्कळांचा, विशेषतः स्त्रियांचा, छळ लपला आहे. त्याला वाचा फोडलीच पाहिजे. अन्याय सांगणें निराळें आणि गुपित विकणें निराळें. बाहेर बोलण्याचीहि एक खानदानी रीत आहे, आणि तिचा उत्तम नमुना आपल्याच जिल्ह्यांत जन्मला. लक्ष्मीबाई टिळक या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा. १९३४ पासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' भागशः प्रसिद्ध झालीं. वडिलांच्या सोंवळ्याओंवळ्याचा अतिरेक, पति नारायण वामन टिळक यांचा तापट स्वभाव, त्यांच्या धर्मांतरानें १८९५ सालीं संसारावर कोसळलेली कुऱ्हाड, स्वतःचा भोळेपणा आणि हट्ट, या बाईनें कांहींच लपविलें नाहीं. पण पुस्तक मिटतांना आपल्याला टिळकांविषयीं तिरस्कार वाटत नाहीं. उलट दोघांविषयीं माया वाटते. कारण तेथें संपूर्ण वाक्यें आहेत. दोषाच्या शेजारीं गुण आहे, रागाच्या शेजारीं हंसूं आहे, आणि सर्वांत अधिक हंसूं लेखिकेनें स्वतःलाच केलें आहे. एकवीस प्रश्नांच्या होय-नाहींत हा संसार बसविला असता तर टिळक एक जुलमी नवरा ठरले असते आणि लक्ष्मीबाई एक बिचारी बायको. दोन्ही खोटें झालें असतें.

हा खेळ आतां बंद आहे. पण त्याची वृत्ति बंद झालेली नाहीं. २०१८ पासून मराठींतहि 'बिग बॉस'च्या घरांत लोक कोंडून घेतले गेले आणि त्यांच्या मनाची मोकळीक करण्यासाठीं तेथें कबुलीची स्वतंत्र खोली ठेविली गेली. त्या खोलींतहि कॅमेरा असतोच. याच मराठींत 'होम मिनिस्टर' हाहि खेळ २००४ पासून अनेक वर्षें चालला. आदेश बांदेकर घरोघर जात, गृहिणींना लग्न कसें जमलें, उखाणा कोणता घेतला, रुसवा कसा निघाला असें विचारीत, आणि जिंकणारीला पैठणी देत. ती पैठणी, जिच्यासाठीं आपलें येवलें प्रसिद्ध आहे. तेथेंहि घरांतलें बोलणें बाहेर येई. पण बाई जेवढें देईल तेवढेंच घेतलें जाई, आणि उरलेलें तिचें तिच्यापाशीं राही. म्हणजे लोकांना हंसवावयास, रडवावयास दुसऱ्याची लाज लागतेच असें नाहीं.

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगतों. २००९ च्या त्या पावसाळ्यांत मी पंचवटींत एका आप्तांकडे जेवावयास गेलों होतों. जेवणें आटोपून सारीं माणसें तो खेळ पाहत बसलीं होतीं. संपल्यावर घरांतली चौदा-पंधरा वर्षांची नात उठली, हातांतली चमच्याची दांडी ध्वनिक्षेपकासारखी आजीच्या तोंडापुढें धरून म्हणाली, "आजी, तूं आजोबांशीं कधीं खोटें बोललीस? होय कीं नाहीं?" सर्व हंसले. आजोबा वारून तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. आजी हंसली नाहीं, रागावलीहि नाहीं. ती म्हणाली, "बोललें असेन हो. पण तें ज्यांना सांगावयाचें त्यांना सांगून झालें. तुला तें कशाला हवें?" मुलीनें चमचा खालीं ठेविला.

मी निघालों तेव्हां चपला घालतांना मला दिसलें, ती मुलगी आजीच्या खोलींत गेली होती आणि तिनें दार आंतून लोटून घेतलें होतें. बराच वेळ हलक्या आवाजांत कांहीं तरी बोलणें चाललें होतें. तें काय होतें मला ठाऊक नाहीं. तें ऐकण्याचा अधिकारहि माझा नव्हता. पण त्या संध्याकाळीं 'सत्याचा सामना' कोठें झाला असेल तर तो त्या लोटलेल्या दाराआड झाला, असें मला आजवर वाटत आलें आहे.

असें दार आपल्या प्रत्येकाच्या घरांत असावें, आणि त्यामागें ऐकून घेणारें एक तरी माणूस असावें. तें नसतें तेव्हांच मनुष्य चव्हाट्याकडे वळतो.